‘स्टोरेज भरलंय’ असा मेल आला, तर खर्च किती?

उल्हासनगरात कॅम्प पाच नंबरला जीन्सच्या गाळ्यांमध्ये धंद्याचा बराच व्यवहार मालकाच्या एकाच मेलवर चालतो. ऑर्डर, बिलं, जीएसटीचे निरोप, सगळं तिथेच. मशिनच्या खडखडाटात मोबाइल वाजतो: ‘गूगल – तुमचं स्टोरेज संपलं, 24 तासांत पैसे भरा, नाहीतर मेल बंद.’ धंदाच अडेल या भीतीनं माणूस बोट ठेवून मोकळा होतो.

आधी खरा भाव बघा. गूगल 15 जीबी जागा फुकट देतं. त्यापुढे 100 जीबीच्या गूगल वनचा नेहमीचा दर महिन्याला 130 रुपये, अ‍ॅपलच्या 50 जीबीचा 75 रुपये. जागा खरंच भरलीय का, हे मेलमधल्या लिंकवरून बघूच नका. आपण स्वतः अ‍ॅप उघडून बघा. याला पैसा लागत नाही, मिनिटभर वेळ लागतो.

मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं आणि ते कोणीही काहीही ठेवू शकतो. नावाखालच्या बाणावर टिचकी मारली की खरा पत्ता उघडतो. तो ‘अ‍ॅट’च्या चिन्हापुढे, शेवटाकडून वाचा. ‘गूगल डॉट कॉम’वर पत्ता संपत असेल तर ठीक. त्याच्यापुढे डॉट देऊन आणखी काही जोडलं असेल तर तो भलत्याचाच पत्ता. फसव्या पत्त्यात कधी ‘मायक्रोसॉफ्ट’मधल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरं चिकटून बसवलेली असतात. लहान स्क्रीनवर भल्याभल्यांना फरक दिसत नाही. पत्ता बरोबर दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. एप्रिल 2025 मध्ये गूगलच्याच खऱ्या पत्त्याचा वापर करून पाठवलेला फसवा मेल उघडकीला आला होता. म्हणून मी पत्त्यापेक्षा मागणीकडे बघायला सांगते: पासवर्ड, ओटीपी किंवा घाई, यातलं काही मागितलं की हात मागे. मेलमध्ये ‘मदतीसाठी’ फोन नंबर असेल तर तोही लावू नका. असल्या तांत्रिक मदतीच्या नावाखाली चालणाऱ्या बनावट कॉल सेंटरांविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉननं तक्रारी केल्या होत्या. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयनं सायबर फसवणुकीविरुद्ध देशभरात 76 ठिकाणी जे छापे घातले, त्यांत या तक्रारींवरचे गुन्हेही होते.

लिंक नुसती उघडली, काही भरलं नाही, तर पान बंद करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पासवर्ड दिला असेल तर तो लगेच बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. खर्च शून्य. मग मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ जरूर बघा. चोर तिथे आपला पत्ता टाकून ठेवतो, तुमची बिलं वाचत राहतो आणि एक दिवस तुमच्या गिऱ्हाइकाला ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं कळवतो. पासवर्ड बदलला तरी हे आपोआप जात नाही.

पैसे गेले असतील तर मात्र घड्याळ धावतं. आधी बँक, लगेच 1930 ही सायबर हेल्पलाइन. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, पासवर्ड-ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याचीच, असं असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर आपल्यावर बोजा नाही. चार ते सात कामकाजी दिवस लागले तर साध्या बचत खात्याला आणि लघुउद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये सोसावे लागतात. म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

मेल डिलीट करू नका, तो पुरावा आहे. त्याचा स्क्रीनशॉट आणि बँकेचा उतारा घेऊन पाच नंबरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात जा. एफआयआर झाला की त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

पुढच्या काही दिवसांत ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. त्याला एक रुपयाही देऊ नका.