बारकोडचे लेबल : छपाई कोणती निवडावी?



आपल्या शाळेच्या पालकांत घरगुती उद्योग करणारे पुष्कळ आहेत. कोणी शेव-चिवडा करतात, कोणी मसाले व लोणची, कोणी कपडे शिवून देतात. पूर्वी हा माल ओळखीच्या दुकानांत आणि दिवाळीच्या ऑर्डरींवर खपत असे. आता मोठी दुकानेही माल ठेवतात, पण अट घालतात की पाकिटावर बारकोड हवा. मग घाईघाईने जो प्रिंटर स्वस्त मिळेल तो आणला जातो. गेल्या उन्हाळ्यात एका पालकांच्या शेवेचा सगळा लॉट दुकानातून परत आला. शेव उत्तम होती. लेबलावरच्या रेषा फिक्या पडून स्कॅनरला वाचता येत नव्हत्या. परत आलेले नमकीन पुन्हा विकायला दिवस किती उरतात, हे ते करणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने घेत आहोत. वाणिज्य शाखेच्या मुलांनाही तो उपयोगी पडेल.

बारकोडचे पेटंट अमेरिकेत १९५२ साली नॉर्मन वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना मिळाले. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंग गमच्या पाकिटावरचा कोड काउंटरवर वाचला गेला आणि खरा वापर सुरू झाला. आपल्याकडे किरकोळ मालावर १३ आकड्यांचा कोड असतो. सुरुवातीचे ८९० म्हणजे माल भारतात बनला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ. रेषांमध्ये भाव लिहिलेला नसतो, केवळ क्रमांक असतो. भाव दुकानाच्या संगणकात असतो. २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांना वेगवेगळे क्रमांक लागतात. क्रमांक आपल्या मनाने बनवून छापू नये.

आता छपाईकडे वळू. प्रिंटरची किंमत विचारण्याआधी, हे लेबल किती दिवस टिकायला हवे आणि ते कुठे राहणार, हे ठरवावे असे आमचे मत आहे.

सर्वात सोपी पद्धत डायरेक्ट थर्मल. यात शाई नाही, रिबन नाही. कागदावरच उष्णतेने काळा होणारा लेप असतो आणि प्रिंटरचे हेड तापून त्यावर रेषा उमटवते. एटीएमची पावती पाकिटात ठेवून काही महिन्यांनी कोरी झालेली आपण सर्वांनी पाहिली आहे. हा तोच कागद. शंका असल्यास लेबलावर नखाने जोरात ओढून पाहावे. काळी रेघ उठली तर कागद थर्मल आहे. कुरिअरच्या पार्सलाला, दुकानातल्या वजनकाट्याच्या चिठ्ठीला ही पद्धत उत्तम, कारण चार-आठ दिवसांत त्यांचे काम संपते. परंतु ऊन, उष्णता आणि तेल हे तिचे शत्रू. इंदूरचा मे महिना, पत्र्याचे गोदाम आणि तेलकट हात, अर्थात तिन्ही एकत्र! त्या परत आलेल्या लॉटवर हीच लेबले होती.

दुसरी पद्धत थर्मल ट्रान्सफर. दिसायला प्रिंटर जवळपास तसाच, पण मध्ये रिबन असते. हेड रिबन तापवते आणि रिबनवरचा काळा थर लेबलावर चिकटतो. साध्या कागदाला वॅक्सची रिबन पुरते. तेल किंवा घासणे जास्त असेल तर वॅक्स-रेझिनची घ्यावी. पॉलिएस्टरच्या लेबलाला, कपड्यात शिवायच्या आणि धुतल्या जाणाऱ्या पट्टीला रेझिन रिबन लागते. रिबन आणि लेबल एकमेकांना मानवले पाहिजेत, नाहीतर रेषा बोटाने पुसल्या जातात. नमकीन, मसाले, लोणची करणाऱ्यांनी रिबनचा थोडा खर्च सोसून हीच पद्धत घ्यावी, असे आम्ही सुचवू. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांनाही आम्ही हीच लेबले लावली आहेत.

घरी लेझर प्रिंटर असेल तर ए-४ लेबल-शीटवर सुरुवात करता येते. रेषा स्वच्छ येतात, मात्र अर्धी वापरलेली शीट पुन्हा घालू नये. आतल्या उष्णतेने लेबल सुटून यंत्रात चिकटते. इंकजेटची साधी शाई ओल्या हाताने पसरते, म्हणून खाण्याच्या मालाला ती नको. माल हजारोंच्या संख्येने ठरावीक पाकिटात जात असेल, तर पाऊच छापतानाच डिझाइनमध्ये कोड घालावा आणि तारीख व बॅच नंबर वेगळा छापावा. येथे एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे नमकीनच्या पाऊचला लाल-पिवळा रंग फार आवडतो. पण काउंटरवरच्या स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो आणि त्याला लाल रेषा पांढऱ्याच दिसतात. काळ्या रेषा, पांढरी जमीन हेच ठेवावे. पारदर्शक पिशवीवर आधी पांढरा पट्टा द्यावा.

आता थोडे गणित. या कोडमधील सर्वात बारीक रेषा ०.३३ मिमीची धरतात, आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा मिळून रुंदी अशा ११३ भागांची, म्हणजे ३७.२९ मिमी होते. कोरी जागा कापू नये. कोड ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे रेषा ०.२६४ मिमीपर्यंत लहान करता येतो. २०३ डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिमीचा. दोन ठिपक्यांची रेषा ०.२५, म्हणजे नियमापेक्षा बारीक. तीन ठिपक्यांची ०.३७५, आणि कोड सुमारे ४२ मिमी रुंद. एवढी जागा लेबलावर नसेल तर ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्यावा. त्यात चार ठिपक्यांची रेषा सुमारे ०.३४ मिमीची येते. संगणकावर कोडचे चित्र ओढून लहान-मोठे करू नये, कारण मग काही रेषा दोन ठिपक्यांच्या तर काही तीन ठिपक्यांच्या होतात.

मोठी ऑर्डर देण्याआधी दहा लेबले छापून खऱ्या पाकिटांवर लावावीत, तेलाचे बोट फिरवावे, आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवावीत आणि ओळखीच्या दुकानात स्कॅन करून पाहावीत.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : कोडचा तेरावा आकडा तपासणीचा असतो. उदाहरणार्थ ८९०१२३४५६७८९ घ्या (हा केवळ सरावासाठी). डावीकडून विषम स्थानांची बेरीज २८. सम स्थानांची ३४, तिला ३ ने गुणून १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा, येथे ०. आता ३ आणि ४ ची अदलाबदल करून पाहा. बेरीज १३२ होते आणि चूक पकडली जाते. परंतु शेजारच्या काही जोड्यांची अदलाबदल या रीतीने पकडली जात नाही. त्या कोणत्या आणि का, याचे उत्तर घरातल्या एखाद्या पाकिटाच्या कोडची पडताळणी करून त्यासह गणिताच्या वर्गात द्यावे.