यादीतली नावं प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून

मैत्रिणींनो, गटाची सभासद यादी आपण एक्सेलमध्ये मराठीत भरतो. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची असली की बऱ्याचदा सीएसव्ही फाइल मागतात. नावं बिघडतात ती इथेच.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवण्याची पद्धत म्हणजे एन्कोडिंग. साधी सीएसव्ही बहुतेक वेळा जुन्या पद्धतीने साठते. तिच्यात मराठीला जागा नाही, म्हणून अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. ‘सुनंदा’ची सहा प्रश्नचिन्हं होतात आणि ‘सुरेखा’चीही सहाच. मग कोणाचा हप्ता कोणाच्या नावावर, हे कसं कळणार?

एवढं करा:

१. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. यात मराठी नीट राहते.

२. पाठवण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून चार-पाच नावं वाचून बघा.

३. दुसरीकडून आलेली फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर भलतीच परदेशी अक्षरं दिसली, तर घाबरू नका आणि सेव्हही करू नका. फाइल बंद करा. नव्या शीटमध्ये ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा. बहुतेक वेळा नावं परत दिसतात.

प्रश्नचिन्हं मात्र एकदा सेव्ह झाली की त्यातून नाव परत काढता येत नाही. म्हणून मूळ एक्सेल फाइल कधीच पुसू नका. हिशोबनीस ताईंनी तिची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवावी.