कामाचा तास करू नकोस

चि. सौ. मुग्धा हिस,


तुझा लांबलचक निरोप फोनवर वाचला. उत्तर बोटाने टिपत बसणं मला जमणारं नाही, म्हणून कागद घेतला. ओजसला जूनपासून शाळेत पाठवायचं नाही, घरीच शिकवायचं, हे तू आणि निनादने विचार करून ठरवलं आहे. तेव्हा ‘करू की नको’ यावर मी काही बोलत नाही. बोलायचं आहे ते तू सोबत पाठवलेल्या वेळापत्रकाबद्दल. सोमवारी स्वयंपाकातून गणित, मंगळवारी कुंड्यांमधून विज्ञान, बुधवारी मंडईतून व्यवहारज्ञान. रंग सुरेख भरले आहेस. पण हे फार तर गौरी-गणपतीपर्यंत टिकेल, आणि मोडलं की सगळा दोष तू स्वतःकडे घेशील. तू लहानपणापासून तशीच आहेस.

मोडेल ते तुझ्या आळसामुळे नव्हे. त्यात काम हे कामासाठी नाहीच, शिकवण्यासाठी आहे, आणि पोरांना हे लगेच कळतं. आई पोळ्या लाटता लाटता विचारते, ‘बारा पोळ्या, चार माणसं, सांग पाहू प्रत्येकी किती?’ पोराला पक्कं ठाऊक असतं की आईला उत्तर येतं आहे आणि कोण किती खाणार हे या भागाकाराने ठरणार नाही. निनाद पाच खातो, धाकटी इरा अर्धी टाकते. मग पोरगं अंदाजे काहीतरी ठोकून देतं आणि तिथून सटकतं. आठवडाभर असं चाललं की ते स्वयंपाकघरात फिरकेनासं होतं. शाळेतला तास निदान घंटेला संपतो, या तासाला घंटाही नसते.

उलट खरं काम असलं की प्रश्न तुला विचारावा लागत नाही, कामच विचारतं. आमच्या श्रीरंगचं एक सांगते. आमच्याकडे पाऊस धोधो पडतो आणि मार्च लागला की विहीर तळाला जाते. म्हणून तुझ्या काकांनी मागच्या पडवीच्या बाजूचं छप्पर पन्हळ लावून टाकीला जोडलं. श्रीरंग तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. त्याने सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली गळ्याखाली कापली, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं वर बसवलं, आणि बुडाला खाचखळगे असतात म्हणून तिथवर आधीच पाणी भरून त्या रेघेला शून्य धरलं. बाजूला पट्टी चिकटवली. झालं पर्जन्यमापक. हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतं हे त्याला काकांनी सांगितलं. पुढे त्या वेळेला तो अंगणात हजर नाही असं क्वचित झालं. अंथरुणातून काढायला एरवी मला दहा हाका माराव्या लागत.

एका रात्रीत तीस मिलिमीटर पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एवढं कळलं की बाकीचं सोपं. छपराची ती बाजू आठ मीटर लांब. रुंदी मात्र त्याने शिडीवरून कौलांच्या उतारावर मोजली. काका म्हणाले, पाऊस तर वरून सरळ पडतो, मग तिरकं मोजून कसं चालेल? तेव्हा त्याने ओळंबा सोडून पागोळीपासून मधल्या भिंतीपर्यंत जमिनीवर मोजलं. पाच मीटर भरलं. म्हणजे चाळीस चौरस मीटर, म्हणजे बाराशे लिटर. टाकी दोन मीटर बाय दोन मीटरची, तेव्हा पाणी तीस सेंटिमीटर चढायला हवं. काठी घालून बघितलं तर जेमतेम एक वीत. त्याने गणित पुन्हा केलं, बाटली पुन्हा तपासली. मग रेनकोट चढवून पुढच्या सरीत पन्हळीखाली जाऊन उभा राहिला. दोन पन्हळी जिथे जोडल्या होत्या तिथून पाणी भिंतीकडेने गळत होतं, आणि ती भिंत वर्षभर दमट का राहते याचंही उत्तर तिथेच सापडलं.

हे मी ‘बघ, आमचा मुलगा किती हुशार’ म्हणून लिहीत नाही. पाढे त्यालाही घोकावेच लागले. सांगायचं ते एवढंच की त्या सकाळी क्षेत्रफळ, घनफळ, उतार या कशाचंच नाव कोणी काढलं नव्हतं. पाणी हवं होतं आणि ते कमी पडत होतं. फ्लॅटमध्ये छप्पर नाही आणि पन्हळही नाही, असं तू म्हणशील. पण विजेचा मीटर आहे ना? संध्याकाळी ठरावीक वेळेला मीटरचा आकडा वहीत उतरवणं हे ओजसचं काम कर. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, हे त्याचं त्यालाच काढू दे. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंतचा दर वेगळा आणि पुढे तीनशेपर्यंतचा वेगळा. महिना संपायच्या आत शंभरी गाठणार का, हे आधी सांगायची जबाबदारी त्याची. मात्र जबाबदारी दिलीस तर ती खरी हवी. तो म्हणाला ‘आज इस्त्री नको’, तर ऐकावं लागेल. ऐकायचं नसेल तर वही देऊच नकोस.

साहित्याचं विचारलं आहेस. लाकडी संच मागवू का, परदेशी मणी मागवू का? नको. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या बरोबरीने राबल्या. माँटेसरीची तत्त्वं त्यांनी पक्की धरली, पण महागडी साधनं नाही. बिया, शंखशिंपले, माती, आसपास मिळेल ते वापरलं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळवून वाच. शिक्षणावरच्या दहा जाड पुस्तकांपेक्षा तुझ्या उपयोगी पडेल. आणि पुण्यात राहून आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ओळख करून घेतली नाहीस तर मी रागावेन. अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी केली. सायकलच्या व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या, एवढंच घे. काड्यांचा चौकोन कर, बोटाने दाबला की तो तिरका होऊन पडतो. त्रिकोण हलत नाही. नंतर कधी नदीवरचा लोखंडी पूल दाखव आणि गप्प बस. गप्प बसणं अवघड आहे, आपल्या घराण्यात तर फारच.

हे सगळं कामातून होतं म्हणून बाकी काही करायलाच नको, असं म्हणणारी माणसंही तुला भेटतील. मूल फुलू द्या, आपोआप येईल, असं गोड बोलतात. काही गोष्टी आपोआप येत नाहीत. जोडाक्षरं येत नाहीत, तीसपर्यंतचे पाढे येत नाहीत, वळणदार अक्षर तर मुळीच येत नाही. त्यासाठी रोज सकाळी न्याहारीनंतर पाऊण तास बसायचं, सणवार सोडून. कंटाळवाणं असलं तरी बसायचं. त्याला खेळाचं सोंग देऊ नकोस. ‘हे घोकायचं आहे, घोक’ म्हटलेलं पोरांना चालतं, फसवलेलं चालत नाही. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली. हाताचा उद्योग मधोमध आणि विषय त्याच्या भोवती, असा तो विचार. मला तो अजूनही मोठा वाटतो. पण सूत कातायची टकळी जिथे वेळापत्रकातला एक तास होऊन बसली तिथे ना सूत धड झालं ना शिक्षण. तुझ्या सोमवार-मंगळवारचं तेच होईल अशी मला धास्ती वाटते, म्हणून एवढा कागद काळा केला.

निनादबद्दल. तो रविवारी ‘विज्ञानाचे प्रयोग घेणार’ असं लिहिलं आहेस. त्याला पाहुणा शिक्षक करू नकोस. त्याची स्वतःची सायकल पंक्चर झाली की दुकानात न नेता घरी काढायला सांग. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते शोधायचं, ती जागा कोरडी करून काचपेपरने घासायची, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं. ओलं असतानाच पट्टी दाबली तर सुटते. हात चालवायचा आणि मग हात आवरायचा, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. शिवाय पंक्चर चुकीची काढली तर सोमवारी बापाला चालत जावं लागतं, तेव्हा पोरगं बुडबुडा डोळ्यांत तेल घालून शोधतं.

सासूबाई नाराज आहेत म्हणतेस. असणारच, त्या तीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आणि ‘आई, तुम्ही याला मराठी शिकवा’ असंही म्हणू नकोस, नाहीतर उद्या फळा येईल. गोडा मसाला करतील तेव्हा ओजसला त्यांच्या हाताखाली दे. धने किती, तीळ किती, दगडफूल कधी काढायचं, खोबरं किती भाजायचं, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. ते लिहून काढायचं काम त्याचं. वजनकाट्यावर घालून, ग्रॅममध्ये. त्यांच्या मुठीचं माप काट्यावर दर वेळी तेवढंच भरतं का, हे बघायला मीसुद्धा उत्सुक आहे. इराला वेलदोडे सोलायला बसव. अर्धे तोंडात जातील, जाऊ दे.

आता कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच घेऊन ठेव, आणि जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच आहे ना ते तपास. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे, पण पालकांना शिक्षा त्या कायद्यात ठेवलेली नाही. कोणी घाबरवायला आलं तर घाबरू नकोस आणि कोणी ‘कायद्याचं काही नाही’ म्हणालं तर त्यावरही विसंबू नकोस. दहावीसाठी एनआयओएस आहे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं, पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. तुला अजून सात वर्षं आहेत. तोपर्यंत दर महिन्याला काय काय झालं ते एका साध्या वहीत तारखेनिशी लिहून ठेव. फोटो नकोत, लोकांना दाखवायला तर नकोतच. फोटो काढायला लागलीस की काम पुन्हा नाटक होतं.

सोसायटीतली पोरं शाळेतून येतात त्या वेळी ओजस खाली असलाच पाहिजे, मग तुमचं काहीही अर्धवट राहो. आणि त्यांच्यापुढे शाळेला नावं ठेवू नका, त्याने तर मुळीच नाही.

माझं शिवणाचं हातमशीन तुझ्याकडे पाठवते आहे. पायमशीनपेक्षा हे बरं, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने कापड धरायचं, त्यामुळे वेग आपोआप कमी राहतो. तुला भाजीच्या पिशव्या हव्याच आहेत, त्या ओजसला शिवू दे. लगेच जाड कापड देऊ नकोस, आधी जुनी चादर. सोळा नंबरच्या सुया डबीत आहेत, बॉबिन चार आहेत, तेल संपलं आहे, ते तिकडेच घे. सुरुवातीला तू शेजारी बस, पण चाकाला हात लावू नकोस. टीप वाकडी गेली तर उसवायची की तशीच ठेवायची, ते पिशवीत कांदे भरून त्यालाच ठरवू दे.

तुझी,
माई आत्या