वजनाचा काटा बाजूला ठेवा, मुलांना मैदानात आणा



आपल्या वस्तीत पूर्वी मुलांच्या तब्येतीबद्दल एकच प्रश्न विचारला जायचा : पोरगं पोटभर जेवलं का? ज्यांनी उपासमार सोसली त्या आजी-आजोबांना नातवाचे भरलेले गाल पाहून समाधान वाटते, ते साहजिक आहे. पण आता त्याच वस्तीत, कधी तर एकाच घरात, एक मूल हाडकुळे आणि दुसरे लठ्ठ असे दिसू लागले आहे.

केंद्र सरकारने 2016 ते 2018 या काळात देशभरातल्या मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. 10 ते 19 वयोगटातली 24 टक्के मुले बारीक निघाली, तर 5 टक्के जादा वजनाची किंवा लठ्ठ. त्याच पाहणीत या वयाची 10 टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. म्हणजे वरून लठ्ठ न दिसणाऱ्या मुलांच्या रक्तातही साखर वाढू लागली आहे.

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार, असे आपण समजतो. पण दहा बाय बाराची खोली, खेळायला मैदान नाही, दारातच पाच-दहा रुपयांची चिप्सची पाकिटे आणि थंड पेये, आई-वडील दोघेही कामावर आणि मुलाच्या हातात मोबाईल, ही परिस्थिती कोणाच्या घरात आहे? मुलांना आळशी म्हणून दोष देण्याआधी हे ध्यानात घेऊ या.

घरच्या घरी कसे ओळखावे?

एक साधी दोरी घ्या. मुलाच्या उंचीएवढी मापा आणि बरोबर अर्धी दुमडा. ही दुमडलेली दोरी मुलाच्या पोटाभोवती, बेंबीच्या थोडी वर धरून पाहा. टोकाला टोक आरामात मिळाले तर ठीक. टोके मिळत नसतील तर पोटावर चरबी जास्त आहे असे समजावे आणि मुलाला एकदा तपासून घ्यावे.

दुसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसते. बऱ्याच आया तो मळ समजून मुलीची मान घासून घासून लाल करतात. तो मळ नव्हे. शरीरातले इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. घासणे थांबवा आणि रक्तातली साखर तपासा.

काटा हलला नाही, तरी फायदा होतो

आमच्याकडे येणाऱ्या पालकांची एक तक्रार नेहमीची असते : "महिनाभर पळवला, किलोभरही कमी झाला नाही. काय उपयोग?" मग व्यायाम बंद होतो. खरे नुकसान इथे होते.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात 12 ते 18 वर्षांच्या लठ्ठ मुलांवर एक अभ्यास झाला. तो 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलांचे जेवण कमी केले नव्हते. आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम, असे तीन महिने. काही मुलांनी चालण्या-पळण्याचा व्यायाम केला, काहींनी वजने उचलण्याचा. वजन फारसे उतरले नाही. पण पोटाच्या आतली चरबी आणि यकृतात साठलेली चरबी दोन्ही गटांत कमी झाली. व्यायाम न करणाऱ्या मुलांचे वजन मात्र त्याच काळात वाढले.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या ओटावा शहरातला, 2014 चा. 14 ते 18 वयाची 304 जादा वजनाची मुले-मुली त्यात होती. आहाराचा सल्ला सर्वांनाच दिला होता. 22 आठवड्यांनंतर मोजले तेव्हा, व्यायाम न करणाऱ्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण 0.3 टक्के-अंकांनी घटले होते. पळण्या-चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे 1.1, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे 1.6 आणि दोन्ही करणाऱ्यांचे 1.4 अंकांनी घटले. जी मुले नियमित आली, त्यांना नुसत्या पळण्यापेक्षा दोन्ही व्यायाम मिळून जास्त फायदा झाला.

असे का होते? स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. स्नायू बळकट झाले की ही क्षमता वाढते. याच वयात हाडे भरत असतात, त्यांनाही बळ मिळते. झोप सुधारते, मन मोकळे होते. यातले काहीच वजनकाट्यावर दिसत नाही. शिवाय मूल अजून उंचीने वाढते आहे. वजन आहे तेवढेच राहून उंची वाढली, तरी ती प्रगतीच आहे.

किती आणि कोणता व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले आहे की 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटे हालचाल हवी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. हा तास सलग नसला तरी चालतो. सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी चाळीस, असेही करता येते.

1. सुरुवात भरभर चालण्याने करा. पहिल्या आठवड्यात रोज 15 मिनिटे पुरेत. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा.

2. महिनाभराने खेळ आणा : लंगडी, कबड्डी, खो-खो, फुगडी. दोरीवरच्या उड्या लगेच नकोत. वजनदार मुलाच्या गुडघ्या-घोट्यांवर ताण येतो.

3. ताकदीसाठी जिम लागत नाही. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरले की एक किलोचे वजन तयार. दोन्ही हातांत एकेक धरून दहा-दहा वेळा वर-खाली करा. भिंतीला हात टेकवून दंड काढा. खुर्चीवर बसून हात न टेकता दहा वेळा उठा. एक दिवस करा, एक दिवस सोडा.

4. जयंतीच्या आधी महिनाभर आपली मुले-मुली लेझीमचा सराव करतात, घामाघूम होतात, आणि कोणालाही तो व्यायाम वाटत नाही. तोच सराव वर्षभर चालू ठेवला तर?

जेवण तोडू नका

अर्धा तास चालून जेवढी ऊर्जा खर्च होते, जवळजवळ तेवढीच चिप्सच्या एका छोट्या पाकिटातून परत येते. म्हणून पाकिटे आणि गोड पेये कमी करा. पण मुलांचे, विशेषतः मुलींचे, जेवण तोडू नका. वर सांगितलेल्या पाहणीतच 10 ते 19 वयाच्या 40 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले होते. मुलगी जाड दिसते म्हणजे तिच्या अंगात रक्त आहे, असे नाही. दोन जिने चढून तिला धाप लागली तर ती नाटक करते असे म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, सुकट हे तिला मिळालेच पाहिजे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने फेकू नये, जेवणानंतर घ्यावी. वजन उतरवण्याच्या पावडरी आणि काढे यांच्यावर पैसे घालवू नका.

मुलींचे मैदान कोणी काढून घेतले?

दहा वर्षांपर्यंत गल्लीत पळणारी मुलगी पाळी आली की घरात बसते. "आता मोठी झालीस" एवढे एक वाक्य पुरते. त्यात ती जाड असेल तर बाहेरचे बोलणे वेगळेच. पाळीत खेळल्याने काहीही बिघडत नाही. तिला बरे वाटत असेल तर तिने खुशाल खेळावे. तिला नीट बसणारे अंतर्वस्त्र आणि सैल कपडे द्या. खेळाच्या वेळी एक-दोन बायकांनी तिथे थांबावे.

आणि घरात "जाड्या", "ढोली" ही नावे बंद करा. थट्टा झालेले मूल मैदानावर जायचेच टाळते आणि चोरून खाते. त्याच्या वजनावर बोलण्यापेक्षा संध्याकाळी त्याच्यासोबत चाला. आई-वडिलांची साखरही त्याने ताब्यात राहील.

आधी डॉक्टरला केव्हा दाखवावे?

मूल लंगडते, किंवा त्याचे कंबर-मांडी-गुडघ्याच्या बाजूला दुखते, तेव्हा व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा. वजनदार किशोरांमध्ये खुब्याचे हाड सरकते आणि दुखणे मात्र गुडघ्यात जाणवते. तेल चोळण्यात वेळ घालवू नका. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, दमा, फार तहान आणि वारंवार लघवी, रात्री मोठ्याने घोरत मध्येच श्वास थांबणे, मुलीची पाळी महिनोन्महिने न येणे, या तक्रारी असतील तरीही आधी तपासणी करा. सरकारी रुग्णालयात जा. 2014 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात या वयाच्या मुलांना तपासणी आणि सल्ला मिळतो. वस्तीतल्या आशाताईंना विचारा.

शेवटी एक काम आपल्या सर्वांचे. विहाराचे अंगण, समाजमंदिराचा ओटा, शाळेचे पटांगण संध्याकाळी बहुधा रिकामे असते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा : रोज एक तास ही जागा मुलांसाठी, आणि आठवड्यातले तीन दिवस फक्त मुलींसाठी. तिथे वजनकाटा ठेवू नका. भिंतीवर हजेरीचा कागद लावा. कोण किती किलो उतरले ते लिहू नका, कोण किती दिवस आले तेवढेच लिहा.