ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे?

मुलांनो, संगणकावरील खेळात मोटार धावताना तुम्ही पाहिली असेल. खरे तर ती धावत नाही. पडद्यावर एका सेकंदात अनेक चित्रे एकामागून एक येतात, म्हणून ती धावल्यासारखी दिसते. ही चित्रे भराभर तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते.

समजा, तुमच्या अब्बांनी काटकसर करून कार्डासाठी पैसे साठवले आहेत. दुकानदार दोन कार्डे दाखवतो. आरटीएक्स ३०६० हे २०२१ साली आले. याची स्मृती १२ जीबी आहे आणि ते १७० वॅटपर्यंत वीज घेते. आरटीएक्स ४०६० हे २०२३ साली आले. याची स्मृती ८ जीबीच आहे, पण वीज ११५ वॅट पुरते. मोठा आकडा पाहून तुम्ही पहिले कार्ड उचलाल का? थांबा! बहुतेक खेळांत दुसरे कार्ड अधिक वेगाने चित्रे काढते. मात्र खेळातील चित्रे फार बारकाव्यांची असली, की ८ जीबी स्मृती अपुरी पडते आणि खेळ अडखळतो. तेथे पहिले कार्ड उपयोगी पडते.

घरचा पडदाही पाहा. तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवत असेल, तर १२० चित्रे काढणारे महागडे कार्ड घेऊन काय उपयोग?

म्हणून आधी आपली गरज ओळखा, मग भाव विचारा. उर्दूत आपण चादर पाहून पाय पसरावे असे म्हणतो. मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. अब्बांचे पैसे घामाचे आहेत, हे विसरू नका.

प्रश्न : तुम्ही यांपैकी कोणते कार्ड निवडाल? कारण सांगा.