मातीतला जिवाणू, अंगावरची बुरशी आणि हातोहात फिरणारी ट्यूब



मागच्या पावसाळ्यात राधानगरी भागातल्या एका गटाच्या बैठकीत बचत गोळा करून झाली, वहीवर सह्या झाल्या, आणि मग एक ट्यूब हातोहात फिरायला लागली. एका ताईंना परकराच्या नाडीखाली गजकर्ण झालं होतं. मेडिकलमधनं आणलेली क्रीम लावली तर दोन दिवसांत खाज थांबली. "लय भारी औषध हाय" म्हणून ती शेजारणीला दिली, शेजारणीनं सुनेला. महिन्याभरानं मी परत गेले तेव्हा तिघींचंही गजकर्ण वाढलं होतं. एकीचं तर कमरेपासून मांडीपर्यंत उतरलं होतं.

तेव्हा एका काकींनी मला विचारलं, "पोरी, एवढी औषधं निघाली, मग ही बुरशी मरत का न्हाई?" मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर वाचून, समजून घेऊन आज लिहिते आहे. जमलं तर बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचा.

पहिली गोष्ट, बुरशी आणि जिवाणू वेगळे. दुधाचं दही करतो तो जिवाणू. शिळ्या भाकरीवर हिरवी-काळी लव येते ती बुरशी. गजकर्ण, भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या, लहान बाळाच्या तोंडातले पांढरे चट्टे, अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाऊन खाज सुटणं, यामागे बहुतेक वेळा बुरशी असते. पण या सगळ्या बुरशा एक नाहीत, म्हणून एकीचं औषध दुसरीला चालेलच असं नाही.

भातात भांगलण करताना भातासारखंच दिसणारं गवत असतं, तुम्हाला माहीत आहे. रुंद पानाचं तण पटकन ओळखू येतं, उपटता येतं. पण हे गवत उपटताना भाताचं रोपही हातात येतं. बुरशीचं अगदी तसंच आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी, त्यामुळे फक्त जिवाणूला मारणारी औषधं पुष्कळ सापडली. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या जवळची. बुरशीला मारणारं विष बहुधा आपल्यालाही लागतं. म्हणून बुरशीवर चालणारी औषधं मोजक्याच जातींची आहेत. काकी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

मातीतली शोधाशोध

पहिला वळीव पडला की मातीला वास सुटतो ना, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंमुळे येतो. धाग्यासारखे वाढणारे हे जिवाणू आपल्या शेतात, कंपोस्टच्या खड्ड्यात, बांधावर, सगळीकडे आहेत. चिमूटभर मातीत जिवाणूंची संख्या कोटींच्या घरात जाते. एवढ्या गर्दीत अन्नासाठी भांडण ठरलेलंच. स्ट्रेप्टोमायसिस स्वतःभोवती असे पदार्थ सोडतो की शेजारचे जिवाणू नाहीतर बुरशी वाढूच शकत नाही. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अशाच एका मातीतल्या जिवाणूत सापडलं.

शोधायची पद्धत ऐकायला सोपी आहे. चिमूटभर माती पाण्यात कालवायची. ताक पातळ करावं तसं त्यात पुन्हा पुन्हा पाणी वाढवत जायचं, म्हणजे जिवाणू विरळ होतात. मग काचेच्या ताटलीत चायनाग्राससारख्या पदार्थाचा थर करून त्यावर ते पाणी पसरायचं. काही दिवसांनी ठिपके उगवतात. एकेक ठिपका वेगळा वाढवून बुरशीच्या ताटलीत ठेवायचा. ज्या ठिपक्याभोवती बुरशी वाढत नाही, स्वच्छ मोकळं कडं राहतं, तो कामाचा. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढायचा आणि तो जनावराला मारत नाही ना हे बघायचं. बहुतेक पदार्थ इथंच बाद होतात.

हे चिकाटीनं केलं ते अमेरिकेतल्या दोन बायकांनी, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन. हेझनबाईंचे आईवडील त्या चार वर्षांच्या व्हायच्या आधीच वारले होते, नातेवाइकांनी वाढवलं. ब्राऊनबाईंच्या कॉलेजचा खर्च आजीच्या एका मैत्रिणीनं केला. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात, पण एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी दोन-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या ऑल्बनी गावात. हेझनबाई माती तपासायच्या, कामाचा जिवाणू मिळाला की काचेच्या बरणीत घालून पोस्टानं धाडायच्या. ब्राऊनबाई त्यातला पदार्थ वेगळा काढून परत पोस्टानं पाठवायच्या. मग उंदरांवर चाचणी, आणि पुष्कळदा उंदीर मेलेले.

1948 मध्ये हेझनबाई ओळखीच्या एका कुटुंबाच्या गोठ्यावर गेल्या होत्या, तिथली माती त्यांनी सोबत आणली. गाईगुरांच्या पायाखालची माती, बघा. तिच्यातून जे निघालं ते बुरशीला मारत होतं आणि जनावराला सोसत होतं. 1950 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. न्यूयॉर्क स्टेटवरून नाव ठेवलं निस्टॅटिन. तोंडातल्या चट्ट्यांवर आणि योनीमार्गातल्या बुरशीवर ते आजही वापरतात. या औषधाच्या हक्कापोटी 1 कोटी 30 लाख डॉलरहून जास्त रक्कम आली. दोघींनी स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही, सगळी संशोधनाला दिली. गटाचं कर्ज फेडताना आपली किती ओढाताण होते ते रोज बघते, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता आपल्याकडे या. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. तिथं पेनिसिलिन बनायला लागलं. शिवाय मातीतले जिवाणू शोधण्याचं कामही सुरू झालं. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्याचं शास्त्रीय नाव गावावरून पडलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. त्यापासून 1960 च्या सुमाराला हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं. नावातला सुरुवातीचा 'हॅ' कारखान्याच्या नावाच्या अक्षरांवरून. तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या बुरशीवर ते वापरलं गेलं. पिंपरी म्हटलं की आपल्याला कंपनीत लागलेली भाऊबंदांची पोरं आठवतात. तिथल्या मातीच्या नावाचा जिवाणू आहे हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. याच कारखान्यातून ऑरिओफंजिन निघालं, तेही मातीतल्या जिवाणूपासून. ते पिकासाठी आहे, भातावरचा करपा आणि द्राक्षावरची भुरी यांसाठी.

अजून एक औषध तुम्हाला नावानं माहीत आहे. 2021 मध्ये कोरोनानंतर काळी बुरशी आली आणि महाराष्ट्रात अ‍ॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक रात्र-रात्र फिरत होते. ते औषध 1950 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात, ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला ते भोकं पाडतं. पण आपल्या पेशीलाही थोडं लागतंच, म्हणून ते देताना किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. आणि काळी बुरशी जास्त कुणाला झाली? साखर वाढलेल्यांना आणि स्टिरॉइड जास्त दिलेल्यांना.

स्टिरॉइड हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपल्या ट्यूबमध्ये तोच होता.

ट्यूबमध्ये काय असतं

गजकर्णावरच्या बऱ्याच क्रीम, क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफीनच्या, मातीतून आलेल्या नाहीत, त्या रसायनापासून बनवतात. निस्टॅटिन गजकर्णावर चालतही नाही. (गजकर्णाची एक जुनी गोळी, ग्रिसिओफुल्विन, ती मात्र बुरशीपासूनच मिळाली. बुरशीवर बुरशी!) पण बाजारात मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइडनं लाली आणि खाज जाते, कारण ते अंगाची लढायची ताकद दाबतं. घरात चोर शिरलाय आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्यालाच गप्प केलं, असं ते आहे. आत बुरशी आरामात पसरते. कातडी पातळ होते, जांघेत पांढऱ्या भेगांसारखे वळ उठतात, ते जात नाहीत. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरं नुकसान दिसत नाही. अर्धवट औषधानं बुरशी मरत नाही, सरावते. टर्बिनाफीनला दाद न देणारं गजकर्ण आपल्या देशात वाढलंय. त्या बुरशीला 2020 मध्ये जे शास्त्रीय नाव मिळालं, इंडोटिनिए, त्यात आपल्या देशाचंच नाव आहे. औषधं आधीच मोजकी, त्यात एक हातचं चाललंय. काकी, हे उरलेलं अर्धं उत्तर.

एक सांगायलाच हवं. मातीत औषध आहे असं वाचून कुणी जखमेवर नाहीतर गजकर्णावर माती लावू नका. धनुर्वाताचे जिवाणूही त्याच मातीत असतात.

गजकर्ण झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, फारच पसरलं असेल तर कोल्हापुरात सीपीआरमध्ये त्वचारोग विभाग आहे. औषध सांगितले तितके दिवस लावा, खाज थांबली म्हणून सोडू नका; डाग गेल्यावरही बहुधा काही आठवडे लावावं लागतं. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांनी एकदम उपचार घ्यायचे, नाहीतर ते फिरत राहतं. टॉवेल, परकर वेगळे ठेवा, उलटे करून उन्हात वाळवा. वैरणीचा भारा आणून ओल्या कपड्यांवरच चुलीपाशी बसायची सवय आहे आपल्याला, तेवढं आधी बदला. साखर असेल तर तीही तपासा.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्या ट्यूब घेऊन या, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा. नावं इंग्रजीत बारीक छापलेली असतात, म्हणून शाळेत जाणारी लेक किंवा सून सोबत आणा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यातलं एकही नाव दिसलं की ती ट्यूब बाजूला काढायची आणि डॉक्टरांना दाखवायची. त्या तिघी ताई आता उपचार घेताहेत. ती पहिली ट्यूब मी मागून घेतली आहे, बैठकीत दाखवायला आणते.