साखरेचा आजार आणि डोळ्याचा पडदा



साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख, म्हणून कुणी हसेल. पण गटात फिरताना ऊस नोंदीच्या अर्जावर सही कुठं करायची हे बोट धरून दाखवावं लागतं, असे सभासद आम्हांस भेटतात. चौकशी केली की जुना मधुमेह निघतो. 'चष्म्याचा नंबर वाढला असेल' म्हणून वर्षं काढलेली असतात.

डोळ्याच्या आतल्या पडद्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या वाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते आणि शरीर सूज आणणारी प्रथिने तयार करू लागते. त्यांपैकी आयकॅम-१ हे प्रथिन अस्तरावर वाढते व रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटून बसतात. ठिबकच्या नळीत क्षार धरावेत तसंच हे. फरक एवढाच की इथं नळी तुंबते आणि झिरपतेही. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ ही प्रथिने या झिरपण्यात भर घालतात. पडद्याच्या मध्यभागी पाणी साचले की अक्षर पुसट दिसते.

ज्या भागाला रक्त पोचत नाही, तो व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो. त्याने नव्या वाहिन्या फुटतात, पण उसातल्या पाणकोंबासारख्या: वाढीला जोरदार, आतून कच्च्या. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. १९९४ साली बोस्टनच्या संशोधकांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांच्या आतला द्रव तपासला, तेव्हा अशा वाहिन्या जोमात असलेल्यांत हे प्रथिन वाढलेले आढळले. आज याच प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने डोळ्यात देतात. डोळा आधी बधिर करतात, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. काहींना लेसर लागतो, काहींना सूज उतरवायला स्टेरॉइड. मात्र गेलेली नजर सगळी परत येईलच असे नाही.

खरी गोम अशी की सुरुवातीला डोळा दुखत नाही, नजरही कमी होत नाही. 'मला स्वच्छ दिसतंय' हा पुरावा धरू नका. प्रौढ वयात मधुमेह निघाला की लगेच, आणि पुढं दरसाल पडदा तपासून घ्यावा. नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर आत बघतात. तोडणी सुरू झाली की कुणालाच सवड नसते, म्हणून हंगामाआधी जाऊन या. थेंबांमुळं काही तास अंधूक दिसतं. सोबत घरचं कुणीतरी न्या, परतताना मोटारसायकल त्यांच्याच हाती द्या.